‘४.०’ नावाची फाइल

सर्व्हरवरच्या माझ्या होम डिरेक्टरीत ‘४.०’ नावाची एक फाइल पडलेली होती. आकार शून्य बाइट. अशी फाइल आपण कधी तयार केल्याचं मला आठवत नव्हतं. पण त्या रात्री मी वेगळ्याच कामासाठी तिथे आले होते आणि रिकाम्या फाइलचं कुतूहल करायला सवड नव्हती. नजर तिच्यावरून घसरली आणि मी लॉग उघडला.

संध्याकाळपासून ते यंत्र रांगत होतं. कुणी पान उघडलं की मिनिटभर काही हलायचं नाही. सहकाऱ्याचा फोन आला तो थेट वर्मावर: ‘‘अगं, तुझा अलार्म कुठे गेला?’’ अलार्म माझाच होता. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालणारी बारा-पंधरा ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी. लोड अ‍ॅव्हरेज (यंत्रावरच्या कामाचा सरासरी ताण) वाचायचं, चारपेक्षा जास्त असेल तर निरोप पाठवायचा, नसेल तर लॉगमध्ये एक ओळ टाकायची. इतकं साधं काम की त्यात चूक करायला जागाच नाही, असं मला वाटायचं.

लॉगमधली शेवटची ओळ अशी होती: ‘लोड ३७.४२. सगळं ठीक.’

तिच्या वरची: ‘लोड ३६.९०. सगळं ठीक.’ त्याच्या वरची तशीच. मी वर वर जात राहिले. सदतीसचे एकवीस झाले, एकवीसचे नऊ, नऊचे पाच, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तोच निर्धास्त शेरा. स्क्रिप्ट बंद पडली असती तर मला समजलं असतं. ही तर व्यवस्थित चालत होती, आकडा बरोबर वाचत होती, तो लिहूनही ठेवत होती, आणि सदतीस हे चारपेक्षा मोठे नाहीत असं दर पाच मिनिटांनी ठामपणे सांगत होती.

मी तीच कंडिशन टर्मिनलवर हाताने चालवली. चौकटी कंस, ३७.४२, मग ‘-जीटी’ (‘ग्रेटर दॅन’, म्हणजे ‘पेक्षा मोठं’), मग ४.०. उत्तर आलं ते ‘हो’ही नव्हतं आणि ‘नाही’ही नव्हतं. कमांड वाचून चालवणारा शेल, बॅश, म्हणाला, इथे पूर्णांक अपेक्षित आहे.

बॅशला दशांश अपूर्णांक येत नाहीत. बेरीज-वजाबाकीत येत नाहीत, तुलनेतही येत नाहीत. दहाला तीनने भागायला सांगितलं तर तो तीन म्हणतो आणि उरलेलं टाकून देतो. हे मला ठाऊक होतं, असं मी शपथेवर सांगू शकते. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. पण माहीत असणं आणि हात लिहिताना ते आठवणं या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर असतं. शिवाय स्क्रिप्ट लिहिताना मी ती तपासली होती ‘पाच’ आणि ‘चार’ देऊन. तेव्हा ती चोख चालली. लोडचा आकडा नेहमी दोन दशांश स्थळांसह येतो, हे माझ्या तपासणीला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण एवढ्याने त्या लॉगचं कोडं सुटत नाही. बॅशला आकडा कळला नाही, ठीक. मग तो थांबला का नाही? ‘सगळं ठीक’ हे कुठून आलं?

शेलमधल्या ‘इफ’ला खरं-खोटं असं काही दिसतच नाही. त्याला दिसतो तो त्याच्यासमोर चालवलेल्या कमांडचा एक्झिट स्टेटस, म्हणजे संपताना तिने मागे ठेवलेला आकडा. शून्य आला तर ‘तर’ची फांदी, दुसरं काहीही आलं तर ‘नाहीतर’ची. चौकटी कंस ही सुद्धा मुळात एक कमांडच आहे, ‘टेस्ट’ तिचं दुसरं नाव. ती बिचारी प्रामाणिक आहे. अट खरी असेल तर शून्य देते, खोटी असेल तर एक, आणि प्रश्नच समजला नाही तर दोन. म्हणजे ‘नाही’ आणि ‘कळलं नाही’ यांतला फरक ती सांगते. ‘इफ’ तो ऐकत नाही. त्याच्या लेखी एक आणि दोन सारखेच.

वर्गात हात वर न करणारी मुलं दोन प्रकारची असतात. ज्यांचं उत्तर ‘नाही’ असतं ती, आणि ज्यांनी प्रश्न ऐकलाच नाही ती. ‘इफ’ फक्त वर आलेले हात मोजतो.

‘सेट -ई’ लावलं असतं तर वाचले असते का, हे मी नंतर पाहिलं. नाही. कमांड अयशस्वी झाली की स्क्रिप्ट थांबवणारी ती सोय, ‘इफ’च्या अटीतल्या कमांडकडे मुद्दाम काणाडोळा करते, आणि ते रास्तच आहे, कारण अट म्हटली की ती कधीतरी खोटी ठरणारच. एररचा निरोप मात्र दर पाच मिनिटांनी छापला जात होता. पण क्रॉनमधल्या त्या ओळीच्या शेवटी मीच सगळं आउटपुट ‘डेव्ह-नल’ नावाच्या कचरापेटीत ढकलून दिलं होतं. का, तर ती ओळ लिहिण्याच्या आधीच्या आठवड्यात क्रॉनच्या मेलने जीव नकोसा केला होता म्हणून.

तो आधीचा आठवडा आठवला आणि मग ती रिकामी फाइलही आठवली.

स्क्रिप्टच्या पहिल्या रूपात ‘-जीटी’ नव्हतं. तिथे मी सरळ ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह लिहिलं होतं, शाळेपासून ओळखीचं, उजवीकडे चोच केलेलं. आणि अलार्म वाजायचा. सतत वाजायचा. पहाटे यंत्र झोपलेलं असताना, लोड शून्याच्या जवळ असताना, दर पाच मिनिटांनी निरोप. कारण शेलमध्ये ते चिन्ह तुलनेचं नाहीच. ते आउटपुट फाइलमध्ये वळवण्याचं आहे. मी विचारत होते ‘लोड ४.० पेक्षा जास्त आहे का?’ आणि शेल ऐकत होता ‘लोड हा शब्द रिकामा नाही ना ते तपास, आणि जे काही छापशील ते ४.० नावाच्या फाइलमध्ये टाक.’ शब्द रिकामा नव्हता, म्हणून अट नेहमीच खरी. छापण्यासारखं काही नव्हतं, म्हणून फाइल नेहमीच रिकामी. क्रॉन माणसाच्या होम डिरेक्टरीत उभा राहून काम करतो, म्हणून ती तिथे.

चिन्हाचा घोटाळा मला कुणीतरी दाखवून दिला. मी ‘-जीटी’ लावलं. आरडाओरडा तत्क्षणी थांबला आणि मी खूश झाले! आगीतून फुफाट्यात गेले हे समजायला सदतीसचा आकडा यावा लागला. उगाच ओरडणाऱ्या रखवालदाराला काढून मी मुका रखवालदार ठेवला होता, आणि शांततेलाच दुरुस्ती समजले होते.

त्या रिकाम्या फाइलवरची तारीख साडेसात महिन्यांपूर्वीची होती. त्या आडव्या चोचीच्या चिन्हाने फाइल उघडली की ती रिकामी असली तरी तिची वेळ ताजी होते. म्हणजे जुनी स्क्रिप्ट चालत होती तोवर ती दर पाच मिनिटांनी ताजी होत असणार. शेवटची वेळ म्हणजे जुनी स्क्रिप्ट शेवटची चालली ती वेळ. अलार्म मुका झाला तो नेमका क्षण त्या शून्य बाइटच्या फाइलने टिपून ठेवला होता. मला गिटमध्ये, बदलांच्या नोंदवहीत, शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला बसले आणि सकाळभर एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडत राहिले. ते खड्डे सांगण्यासारखे आहेत, कारण त्यांतला प्रत्येक पहिल्या चाचणीत बुजलेला दिसतो.

पहिला उपाय दुहेरी चौकटी कंसांचा. तिथे ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह खरोखर तुलना करतं, फाइल तयार करत नाही. ५.२० आणि ४.० दिले, बरोबर उत्तर आलं. ३.१० दिलं, बरोबर. मी जवळजवळ उठलेच होते. मग १०.०० देऊन पाहिलं आणि ते ४.० पेक्षा लहान निघालं. तिथली तुलना अक्षरांची आहे, शब्दकोशात शब्द लावतात तशी: पहिलं अक्षर पाहायचं, त्यात निकाल लागला तर पुढे वाचायचंच नाही. एक हा चारच्या आधी येतो, मिटलं. म्हणजे हा अलार्म पाचला वाजला असता, नऊला वाजला असता, आणि परिस्थिती खरोखर हाताबाहेर जाऊन आकडा दोन अंकी झाला की थेट चाळीसपर्यंत गप्प राहिला असता. सदतीसला तर नक्कीच गप्प. मुक्या रखवालदारापेक्षा हा वाईट, कारण याच्यावर विश्वास बसतो.

मग दुहेरी गोल कंस. माझ्या लॅपटॉपवर ते सुंदर चाललं. ३७.४२ मोठे, ३.९९ लहान, १०.०० मोठे. सर्व्हरवर टाकलं तर सिंटॅक्स एरर. लॅपटॉपवर मी झी-शेल वापरते, स्क्रिप्ट बॅशमध्ये चालते. झी-शेलला दशांश येतात, १९९३च्या कॉर्न शेललाही येतात. बॅशला नाहीत. मॅकवर २०१९पासून झी-शेलच मुळात दिलेला असतो, तेव्हा या खड्ड्यात मी एकटी नसणार.

मग म्हटलं, दशांशचिन्हच काढून टाकू. ३७.४२चे ३७४२ करायचे, ४.०० चे ४००, आणि पूर्णांकांची तुलना. कल्पना चांगली आहे आणि अजूनही मला आवडते. फक्त दशांश स्थळं दोन्हीकडे सारखी हवीत, नाहीतर ४.० चे ४० होतात आणि ३.९० चे ३९०. तेही सांभाळलं. पण दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्ये मर्यादा होती ०.७५. तिथे ०.८०चा ठिपका काढला की उरतं ०८०. शून्याने सुरू होणारी संख्या बॅशच्या गोल कंसात अष्टमान, म्हणजे आठच्या पायातली, समजली जाते. अष्टमानात आठ हा अंकच नाही, म्हणून एरर, आणि एरर म्हणजे पुन्हा ‘नाही’. ०.१० तर एररही देत नाही. ०१० म्हणजे अष्टमानातले आठ, गुपचूप. तोडगा आहे: संख्येच्या आधी ‘१०#’ लिहायचं, म्हणजे ही दशमान आहे असं बजावून सांगायचं. गंमत म्हणजे एकेरी चौकटी कंसात हीच ०८० नीट ऐंशी म्हणून वाचली जाते. त्याच शेलमध्ये, कंस बदलला की अंकगणित बदलतं.

हे सगळं असं का, याचं उत्तर शेलच्या जन्मात आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला, तेव्हा त्याला स्वतःचं अंकगणितच नव्हतं. बेरीज करायचीही तर ‘एक्स्पर’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम हाक मारून बोलवायचा. शेलचं काम प्रोग्रॅम चालवणं आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणं. आकडेमोड करणारे शेजारी होतेच: रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांचा ‘बीसी’ १९७५चा, आणि आहो, वाइनबर्गर, कर्निघन या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला ‘ऑक’ १९७७चा. ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आधीच फाइलींच्या कामाला जुंपलेलं होतं, म्हणून तुलनेच्या वाट्याला ‘-जीटी’सारखी अक्षरं आली. या दृष्टीने पाहिलं की रागही जातो. हमालाला हिशोब विचारला होता मी.

शेजाऱ्यांकडे गेले तर त्यांच्याही आपापल्या तऱ्हा. बीसीला विचारलं की ३७.४२ हे ४ पेक्षा मोठे आहेत का, तर तो ‘१’ छापतो. एक म्हणजे खरं. शेलमध्ये शून्य म्हणजे खरं. दोघांची जीभ उलटी. बरं, तो छापतो ते आउटपुट, आणि त्याचा एक्झिट स्टेटस मात्र उत्तर काहीही असलं तरी शून्य, कारण त्याच्या मते त्याचं काम नीट पार पडलं. त्यामुळे बीसीचा पाइप सरळ ‘इफ’पुढे ठेवला तर अट कायम खरी. छापलेला आकडा पकडून तो एक आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. शिवाय तो अर्धा लिहिताना पुढचं शून्य गाळतो, ‘.५’ असं लिहितो. कुणी पुढे जाऊन ठिपक्यापासून मागचं कापून पूर्णांक काढायला गेलं तर हातात रिकामी जागा येते. आणि ‘१ई-०५’ ही वैज्ञानिक लेखनपद्धत त्याला माहीत नाही. मोठ्या लिपीतली ‘ई’ दिली तर ग्नूचा बीसी तिला सोळाच्या पायातला अंक समजतो, बसत नाही म्हणून नऊ करून घेतो, आणि एकोणीस वजा पाच करून चौदा असं उत्तर देतो. एकाच्या लाखाव्या भागाचे चौदा. मी हे पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, निव्वळ करमणूक म्हणून.

ऑकला दशांश येतात आणि वैज्ञानिक पद्धतही येते. त्याची खोड वेगळी. त्याला दिलेली किंमत संख्येसारखी दिसली तर तो संख्या म्हणून तुलना करतो, नाहीतर मुकाट्याने अक्षरं म्हणून. ‘३७.४२’ दिले तर चारपेक्षा मोठे. मागे टक्क्याचं चिन्ह राहून गेलं, ‘३७.४२%’, की तीन हा चारच्या आधी, म्हणून लहान. किमतीत शून्य मिळवलं की त्याला संख्याच समजावी लागते, तो उपाय बहुतेकांना ठाऊक असतो. पण मग रिकामी किंमतही शून्य होऊन जाते आणि वाचनच न झालेलं यंत्र सगळ्यात निवांत दिसतं.

आणि तो प्रसिद्ध घोळ. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे का? बीसी म्हणतो हो, कारण तो आपल्यासारखा दहाच्या पायात हिशोब करतो. ऑक म्हणतो नाही. तो आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे दोनच्या पायात करतो, आणि आपल्याला जसा एकतृतीयांश ०.३३३ करत कधीच पुरा लिहिता येत नाही, तसा त्याला एकदशांश पुरा लिहिता येत नाही. दहामध्ये एक पाच लपलेला आहे, तो दोनच्या पायाला पचत नाही. वर तीच बेरीज छापायला सांगितली तर ऑक सभ्यपणे ०.३ छापतो. डोळ्यांना तीन दशांश दिसतात आणि तुलना खोटी ठरते. माझ्या अलार्मला याने काही फरक पडत नव्हता. चारच्या आसपास सतराव्या अंकावरून कुणाचं काही अडत नाही. बरोबरी तपासायची वेळ आली की मात्र अडतं.

दशांशचिन्ह म्हणजे ठिपकाच, हेही गृहीत धरायचं नाही. जर्मन लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) लावलेल्या यंत्रावर स्वल्पविराम असतो, आणि बॅशची छापण्याची कमांड ‘प्रिंटएफ’ तिथे १.५ ही वैध संख्याच मानत नाही. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत लोकेल ‘सी’ करून टाकलं की हा विषय संपतो.

आवृत्त्यांचे क्रमांक हा यातला सगळ्यात फसवा प्रकार, कारण ते दशांश नसून दशांशासारखे दिसतात. पायथन ३.१० आलं ते २०२१च्या ऑक्टोबरमध्ये, आणि ‘३.९ किंवा त्यापुढचं हवं’ असं तपासणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट त्याला जुनं म्हणू लागल्या. दशांश म्हणून पाहिलं तर ३.१० हे ३.९ पेक्षा लहानच. शाळेत याच्या बरोबर उलट चूक मी करायची. २.१० मोठे की २.९, असं विचारलं की मी २.१० म्हणायचे, कारण दहा नऊपेक्षा मोठे. बाईंनी ती सवय मोडली ती वाचायला लावून. ‘दोन पूर्णांक दहा शतांश’ आणि ‘दोन पूर्णांक नऊ दशांश’. नीट वाचलं की उत्तर वाचण्यातच असायचं. ‘दोन पॉइंट दहा’ म्हणू लागले आणि ते हरवलं. आवृत्तीच्या बाबतीत मात्र बाईंची रीत चालत नाही, तिथे माझी जुनी चूकच बरोबर. त्यासाठी ‘सॉर्ट’ला मोठ्या लिपीतला ‘-व्ही’ दिला की तो ठिपक्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजतो.

शेवटी अलार्मसाठी मी ऑकच ठेवला, पण त्याचा एक्झिट स्टेटस ‘इफ’ला दाखवायचा नाही असं ठरवलं. आधी आलेला मजकूर अंक, ठिपका, अंक याच साच्याचा आहे का ते पाहायचं. असेल तर ऑकने शब्द छापायचा: ‘जास्त’ किंवा ‘कमी’. आणि तो शब्द ‘केस’मध्ये द्यायचा. ‘जास्त’ असेल तर निरोप. ‘कमी’ असेल तर लॉगमध्ये ओळ. तिसरी फांदी तारकेची, म्हणजे या दोन्हींखेरीज काहीही: रिकामं, एरर, तुटकं, अनोळखी. तिच्यातही निरोप जातो, फक्त त्यात लिहिलेलं असतं ‘मला कळलं नाही’.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट जाणवली आणि ती जरा टोचली. मी प्रश्न ‘लोड जास्त आहे का?’ असा विचारला होता, म्हणून न कळण्याचं उत्तर ‘ठीक’च्या पदरात पडलं. ‘लोड कमी आहे का?’ असा विचारला असता तर तीच चूक, तोच एरर, तेच दोन, आणि अलार्म पहिल्या पाच मिनिटांत वाजला असता. दशांश न येताही. साडेसात महिने मी पूर्णांकांमुळे गमावले नव्हते, प्रश्नाच्या दिशेमुळे गमावले होते.

तिसऱ्या फांदीतून पहिल्याच दिवशी एक निरोप आला. बघितलं तर मीच चाचणीसाठी मुद्दाम ‘अबक’ दिलं होतं आणि काढायला विसरले होते.

काम संपल्यावर ‘४.०’ पुसली. मग एक शंका आली. ‘फाइंड’ला सगळ्या यंत्रावर अशा फाइली शोधायला लावल्या ज्यांचा आकार शून्य आहे आणि नाव अंकाने सुरू होतं. दोन सापडल्या. दुसऱ्याच कुणाच्या तरी डिरेक्टरींमध्ये. एक ‘९०’, दोन वर्षांपूर्वीची. दुसरी ‘०.५’, तिच्यावरची वेळ तीन मिनिटांपूर्वीची.

मी जागची हलले नाही. दोन मिनिटांनी पुन्हा यादी मागवली. ‘०.५’ची वेळ बदललेली होती.